परत येणाऱ्यांची रांग

श्रावण उतरणीला लागला की परदेशीपुऱ्याच्या बाजूनं ठोकाठोक ऐकू यायला लागते. आधी एकटा हातोडा, मग करवत, मग एखादा वेल्डिंगवाला येऊन मिळतो, आणि चहाच्या वेळेला सगळे एकदम गप्प होतात. आमच्या सोसायटीत पुण्याहून बदलून आलेलं एक जोडपं आहे. त्यांना वाटलं, कुठंतरी बांधकाम चालू झालं. मी म्हटलं, अहो, बांधकाम नाही, झांकी आहे. मिलच्या आवारात बनतेय. "पण मिल तर बंद आहे ना?" असं त्यातली बाई म्हणाली. बरोबरच होतं तिचं. इंदूरबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगणं अवघडच.

आमच्याकडे अनंत चतुर्दशीला गणपती जातो तो एकटा जात नाही. त्याच्या मागं मिलच्या झांक्या निघतात. लांबलचक ट्रॉल्यांवर बांबू, तार, कापड आणि कागदाचा लगदा यांचे देव, राक्षस, हत्ती, राजवाडे. आणि सगळं हलतं, फिरतं, लखलखतं. ते बघायला मानपुरापासून लोक टेम्पो भरभरून येतात आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या ओट्यांवर हक्कानं बसतात. हे सगळं मजुरांनी सुरू केलं. मिली एकामागून एक बंद पडल्या, भोंगे गेले, यंत्रं भंगारात गेली, पण झांक्या काही बंद पडल्या नाहीत. कोणी बंद करायला सांगितलं असतं तर बहुतेक ऐकलंही नसतं.

यंदा हातोडा सुरू झाला आणि त्याच आठवड्यात आमचे व्हिसे आले. माझा मुलगा निनाद कॅनडात असतो. त्याची मुलगी मीरा सहा वर्षांची. आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी तिकडे एक खास व्हिसा आहे; एकदा गेलं की वर्षानुवर्षं राहता येतं. त्यासाठी आम्ही अहमदाबादला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो, डॉक्टरकडून छाती तपासून घेतली, विमा काढला. आणि एवढ्या खटाटोपात एकाही माणसानं आम्हाला समोर बसवून काही विचारलं नाही. पासपोर्ट गेले, व्हिसा लागून परत आले. आमच्या ह्यांनी पेढे आणले. मलाही आनंद झाला, नाही असं नाही, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. माझं एक उत्तर तयार होतं, ते तसंच राहून गेलं.

खरं तर ते उत्तर माझं नव्हे, बाबांचं.

बाबा मिलमध्ये फिटर होते. मागावरचं काहीही बिघडलं की "मास्टरजी को बुलाओ" व्हायचं. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. बाबा काही दिवस सकाळी त्याच वेळेला उठून, दाढी करून, कपडे घालून ओट्यावर बसायचे आणि मग आईनं पोहे दिले की खायचे. त्यानंतर त्यांनी गल्लीतले मिक्सर, शिलाई मशीन, पंखे दुरुस्त करायला घेतले. रडगाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. देश उघडला, देश उघडला म्हणून वर्तमानपत्रं लिहीत होती. आमच्या गल्लीत एका बाजूनं बंद होत होतं आणि दुसऱ्या बाजूनं उघडत होतं. केबल आली. मिलच्या गेटासमोरच्या पानाच्या टपरीत काचेचं खोपटं उभं राहिलं आणि त्यावर एसटीडी-आयएसडी-पीसीओची पिवळी पाटी लागली. गुळाच्या ढेपा असायच्या त्या दुकानात परदेशी थंड पेयांच्या बाटल्या दिसायला लागल्या. ताई कॉम्प्युटरच्या क्लासला गेली, तिथंच तिचं जमलं, आणि लग्न होऊन न्यू जर्सीला गेलीसुद्धा. फिटरची मुलगी अमेरिकेत! बाबा लोकांना सांगायचे, "विमान पण मशीनच आहे, त्यात काय एवढं."

आणि मग ज्या हंगामाबद्दल मी लिहायला बसले तो आला. ताईला दिवस गेले. तारीख भाद्रपदातली, गणेश चतुर्थीच्या आसपासची.

आईनं ऐकल्या क्षणी डिंक, सुंठ, आळीव, बाळंतशोपा यांची जमवाजमव सुरू केली. घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा वास. बाबा मात्र कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले. चतुर्थी, मग अनंत चतुर्दशी. त्या वर्षी झांकीत कुंभकर्ण करायचं ठरलं होतं. ट्रॉलीभर आडवा पसरलेला कुंभकर्ण, भोवती ढोल बडवणारे राक्षस. ढोल वाजले की त्यानं अर्धवट उठायचं, डोळे किलकिले करायचे आणि पुन्हा धाडकन निजायचं. कल्पना बाबांची. मिलचा निकाल लावायचं सोडून वर्षानुवर्षं घोरत पडलेल्या सगळ्यांना तो टोमणा होता, आणि परदेशीपुऱ्यात तो कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता. कुंभकर्णाच्या पाठीत मागाची जुनी चाकं, सायकलची चेन आणि पट्टा बसवायचं काम बाबांशिवाय कोणाला जमणारं नव्हतं.

गयाप्रसादजी मिलचे सुतार. बाबांचे जिगरी दोस्त, पोट सुटलेले, आवाज मोठा. त्यांचे आजोबा उत्तरेकडून एका हंगामापुरते मिलमध्ये आले आणि इथलेच झाले. अशाच लोकांनी भरला म्हणून तर तो परदेशीपुरा. त्या आजोबांचे आईवडील मुलाला भेटायला आले ते वळकटी घेऊन, आणि जमेल तेवढे दिवस राहिले. त्यांना कोणी व्हिसा मागितला नव्हता.

"मास्टरजी, तुम जाओ," गयाप्रसादजी म्हणाले. "नाती-पोता रोज़ नहीं होता. झांकी तो हर साल होती है."

"हर साल होती है, क्योंकि हर साल कोई करता है," बाबा म्हणाले. "एक साल रुकी, तो समझो गई."

हीच बाबांची खरी भीती होती. ज्या मिलची झांकी एक वर्ष निघाली नाही, तिच्या लोकांना दुसऱ्या वर्षी पुन्हा गोळा करणं किती कठीण, ते त्यांना माहीत होतं. मिल गेली होती. आता माणसं एकत्र येत होती ती या एका कामासाठी. ते गेलं की मग सगळेच आपापल्या घरी पंखे दुरुस्त करत बसणार.

शेवटी आईनं तोडगा काढला. दोघांनी जायचं. बाबांनी नातवंडाचं तोंड बघायचं आणि अनंत चतुर्दशीच्या आत परतायचं. आईनं सहा महिने पुरे करायचे. कुंभकर्णाची यंत्रं बाबांनी जायच्या आधीच बसवायची. झालं, ज्येष्ठ-आषाढात आमचं घर म्हणजे एकीकडे डिंकाचे लाडू आणि दुसरीकडे कुंभकर्णाची बोटं.

व्हिसाची मुलाखत मुंबईला. छत्रीबागेतली मावशी एकदा जाऊन आलेली, त्यामुळे ती या विषयातली शंकराचार्य. ती येऊन आईबाबांची उजळणी घ्यायची. "बघ गं, बाळंतपण हा शब्दच नाही काढायचा. ते लोक समजतात की कामाला नेतायत. फिरायला चाललो म्हणायचं. नायगरा बघायचाय. बोल, काय बघायचंय?"

"नायगरा," आई म्हणायची.

"आणि भावजी, तुमच्याकडे नोकरी नाही, शेती नाही. ते विचारतील, परत कशावरून याल? तर बोलायचं, घर आहे, नातेवाईक आहेत, सगळं इकडेच आहे. जास्ती बोलायचं नाही."

"बरोबर," बाबा म्हणाले. ते जास्ती बोलणार हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मुंबईला मीही गेले होते, सामानाजवळ बसायला. वकिलातीच्या भिंतीला लागून रांग, समोर समुद्र, आणि रांगेत आमच्यासारखेच आईबाप: कडक इस्त्रीचे शर्ट, ठेवणीतल्या साड्या, छातीशी धरलेल्या फायली. सगळे मनातल्या मनात नायगरा घोकत होते. आत काय झालं ते नंतर आईनं इतक्यांदा सांगितलं की मी आत असल्यासारखंच मला वाटतं.

काचेपलीकडे तरुण गोरा अधिकारी आणि शेजारी मराठी दुभाषी बाई. पहिलाच प्रश्न आईला, का जायचंय? आईनं तोंड उघडलं आणि तिच्यानं खोटं बोलवेना. "अहो, मुलीचं बाळंतपण आहे," ती म्हणाली. "नायगरा जमला तर बघू."

दुभाषी बाई हसली. मग अधिकाऱ्यानं बाबांचे कागद चाळले. मिल बंद आहे असं दिसतंय. तुम्ही परत कशासाठी याल?

घर, नातेवाईक, सगळं इकडेच. पाठ केलेलं होतं. पण बाबा म्हणाले, "मिल बंद आहे साहेब. झांकी बंद नाही."

झांकी म्हणजे काय, हे त्या दुभाषी बाईलाही माहीत नव्हतं. मग बाबांनी फाइलीतून मागच्या वर्षांचे फोटो काढून काचेला लावले, आणि कुंभकर्ण कसा उठणार ते उभ्या-उभ्या करून दाखवलं: मान डावीकडे, खांदा वर, डोळे किलकिले, आणि धाडकन खाली. मागच्या रांगेला वाटलं, काकांना चक्कर आली. एक जण पाण्याची बाटली घेऊन धावला. तो अधिकारी गंभीर चेहऱ्यानं बघत राहिला, आणि मग त्यानं विचारलं, हा उठतो कधी?

"अनंत चतुर्दशीला. त्याच्या आत मी परत येतो. शब्द देतो."

व्हिसा मिळाला. मावशीला आम्ही सांगितलं की नायगरानं काम केलं.

आईबाबा अमेरिकेला गेले, आणि घरात मी, गॅस आणि स्वातंत्र्य. कॉलेज सुटलं की मी सरळ मिलच्या आवारात जायचे. ओळीनं रिकाम्या, अंधारलेल्या शेड्स आणि मध्ये एकीत दिवे, हातोडे, रेडिओ, कढत चहा. रंगाचा आणि खळीचा वास. गयाप्रसादजी कुंभकर्णाच्या मिशा कातरत असायचे. "बिटिया, ये मूँछ ठीक है कि थोड़ी और?" मी म्हणायचे, थोड़ी और. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते.

चतुर्थी आली. आम्ही गणपती बसवला. न्यू जर्सीत मात्र बाळाचा पत्ता नव्हता. बाबांचं विमान दोन दिवसांवर, आणि बाळ आपलं आत निवांत. गेटासमोरच्या पीसीओवर ताईचा फोन आला. मागून बाबांचा आवाज येत होता. ताई रडकुंडीला आली होती. "अगं, बाबा काहीच ऐकत नाहीयेत! पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का आहे, कोणी विचारणार नाहीये, तरी म्हणतात मी साहेबाला शब्द दिलाय."

बाबा फोनवर आले. "शिक्का त्यांचा आहे. शब्द माझा आहे," ते म्हणाले. आणि मग एकदम हळू आवाजात, "पण हिला असं सोडून कसा येऊ मी? तूच सांग."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. नातवंडाचं तोंड न बघता ते आले असते तर झांकीपाशी उभे राहून जन्मभर हळहळले असते. आणि ते तिथं राहिले आणि झांकी अडली, तर कुठं तोंड दाखवलं नसतं त्यांनी. मी गयाप्रसादजींना पीसीओवर बोलावून आणलं. त्यांनी रिसीव्हर हातात घेतला आणि मिलमध्ये यंत्रांच्या आवाजावर बोलायचे तसे गरजले, "मास्टरजी! तुमने साहब को ज़बान दी है ना? तो मैं तुमको देता हूँ. झांकी निकलेगी. तुम नाती देख के आना!"

बाबांनी विमान सोडलं.

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी गेटासमोर हीऽ गर्दी. ट्रॉली बाहेर आली, जनरेटर सुरू झाला, दिवे लागले, ढोल वाजले. कुंभकर्ण उठायला लागला आणि अर्ध्यावर अडकला. मान वाकडी, एक डोळा उघडा. कोणी बटण दाबतंय, कोणी लाथ मारतंय. मी धावत समोरच्या पीसीओत गेले. तिकडे सकाळ होती. बाबा फोनजवळच बसले असणार, पहिल्या घंटीला उचलला.

"अडकलाय, बाबा!"

"आवाज ऐकव."

टपरीवाल्या भियानं (आमच्याकडे भैयाला भियाच म्हणतात) रिसीव्हरची दोरी ताणून काचेबाहेर धरली. सगळी गल्ली गप्प. सातासमुद्रापलीकडे बाबा कुंभकर्णाची घरघर ऐकत होते.

"पट्टा सरकतोय," ते म्हणाले. "आता खोलायला टाइम नाही. पोटात मी एक हँडल ठेवलंय. कोणीतरी आत बसून हातानं फिरवा. होऊन जाईल."

कोणीतरी म्हणजे कोण? आत शिरायची फट हातभर, आणि कारागीर सगळे गयाप्रसादजींच्या घेराचे. सगळ्यांनी एकमेकांच्या पोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. आई घरी असती तर माझी काही धडगत नव्हती. मी ओढणी कमरेला बांधली आणि शिरले.

आत तेलाचा, खळीचा आणि ओल्या लगद्याचा वास होता. मागाची चाकं, चेन, आणि हाताशी बाबांचं हँडल. त्याला त्यांनी जुना मिलचा कपडा गुंडाळून ठेवला होता, हात सोलू नये म्हणून. ढोल वाजले की फिरवायचं, थांबले की सोडायचं. कुंभकर्णाच्या बेंबीतून बाहेरचं दिसत होतं: दिवे, ओट्यांवरची माणसं, खांद्यांवरची पोरं, हातात भुट्टे. मी पहिल्यांदा हँडल फिरवलं तेव्हा वरून काहीतरी करकरलं, आणि बाहेर आरोळी उठली, "उठ गया रे! उठ गया!" कोणीतरी ओरडलं, "सरकार से तो पहले उठा!" ट्रॉली हसण्यात न्हाऊन पुढं निघाली. मी घामानं निथळत होते आणि आतल्या आत खदखदून हसत होते. कुंभकर्णाचं पोट गदगदतंय असंही कोणाला दिसलं असेल.

राजवाड्याच्या अलीकडे मिरवणूक थांबली तेव्हा गयाप्रसादजींनी एका पीसीओवरून बाबांना फोन लावला आणि फक्त एवढंच म्हणाले, "उठा." ताई सांगते, बाबा फोन ठेवून बाल्कनीत गेले आणि खूप वेळ आतच आले नाहीत. बाळ दोन दिवसांनी झालं, आपल्या सवडीनं. मुलगी.

आता बाबांना परतायची घाई नव्हती. आईबरोबर ते थंडीत परत आले. पण विमानतळावरून स्टेशनवर न जाता त्यांनी टॅक्सी वकिलातीकडे घ्यायला लावली. आईनं कपाळावर हात मारला. भिंतीला लागून तशीच रांग, तेच इस्त्रीचे शर्ट. बाबा बॅगा घेऊन गेटाशी गेले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "साहब को बताना है, मैं वापस आया हूँ. थोड़ा लेट हो गया, पर आ गया."

पहारेकऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चाचा," तो म्हणाला, "यहाँ जाने वालों की लाइन लगती है. आने वालों की नहीं."

आई हे सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. बाबाही हसायचे. पण इंदूरला उतरल्यावर ते घरी आले नाहीत. बॅगा माझ्याकडे देऊन आधी शेडमध्ये गेले. ताडपत्रीखाली कुंभकर्ण आडवा होता. मिशीचा रंग उडाला होता, कानाला उंदीर लागले होते. बाबा त्याच्या पायाशी बसले. गयाप्रसादजींनी चहा मागवला. "हाज़िरी लग गई मास्टरजी," ते म्हणाले.

आता बाबा नाहीत, आई नाही, गयाप्रसादजीही नाहीत. त्यांचा नातू दिवसा मोबाइलच्या दुकानात बसतो आणि संध्याकाळी झांकीत असतो. काल मी गेले होते. यंदा पुन्हा कुंभकर्ण. हँडल आतमध्ये अजून आहे, पोट मात्र आता माझंच त्या फटीत मावत नाही. मोटर नवी, चिनी, रिमोटवर चालणारी. "हँडल तो रखेंगे ही, काकूजी," तो म्हणाला. "मोटर का क्या भरोसा."

रात्रीचं जेवण झाल्यावर, म्हणजे तिकडे सकाळी, निनादचा फोन आला. आई, व्हिसा एवढा मोठा आहे, तर मस्त दोन-तीन वर्षं राहा, घाई कसली? मी म्हटलं, अनंत चतुर्दशी झाली की निघतो, आणि पुढच्या श्रावणात परततो. पुढच्या वेळी पुन्हा येऊ, व्हिसा कुठं पळून चाललाय? तो हिरमुसला. मलाही मीराला सोडून यायचं तेव्हा जड जाणार आहे, हे मी आत्ताच जाणून आहे. तेवढ्यात मीरानं त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. पडद्यावर तिचं नाक आणि एक डोळा.

"आजी, पण तू परत का जाणार?"

अहमदाबादला कोणी विचारलं नाही, डॉक्टरनं नाही, विमावाल्यानं नाही. शेवटी विचारलं ते हिनं.

"कुंभकर्णाला उठवायला," मी म्हटलं.

"तो आपला आपला नाही उठत?"

"नाही गं," मी म्हटलं. "आत कोणीतरी बसावं लागतं."